कोणत्याही पुरुषाशी

"ताई, मिस्टर कधी वारले?" साकिबनं विचारलं आणि प्रिंटरमधून निघालेला कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. एरवी तो कागद काउंटरवर टाकतो, बोटांनी पैशाची खूण करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. मी म्हणाले, कुणाचे मिस्टर. तो आवाज आणखी खाली आणून म्हणाला की मला खरंच म्हाईत नव्हतं, लई वाईट झालं, इतक्या कमी वयात. आणि त्यानं कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. सैन्यभरतीचं माझं प्रवेशपत्र होतं ते. नाव हिमानी, पुढं बाबांचं नाव वैजनाथ, फोटो माझाच, जन्मतारीख बरोबर, आणि त्याखाली वैवाहिक स्थिती, तिच्यापुढं छापलेलं : विडो. क्रांती चौकात भर दुपारी, झेरॉक्सच्या दुकानात, मागं आधार कार्डवाल्यांची रांग, आणि मी उभ्या उभ्या विधवा झाले होते. मागची बाई माझ्या कपाळाकडं बघायला लागली. साकिब म्हणाला, ग्राउंडवर मिस्टरांच्या मृत्यूचा दाखला ओरिजिनल लागंल, नायतर गेटवरूनच परत पाठवतेत. पैसे पुढं केले तर म्हणाला, राहू द्या ताई. या माणसानं आयुष्यात कधी कुणाला एक पान फुकट काढून दिलेलं नाही. मला पहिला राग आला तो त्याचाच.

हे कुणी केलंय हे शोधायची गरज नव्हती. अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस इतकी नीटनेटकी, स्पेलिंगची एकही चूक नसलेली माती करू शकतो, आणि तो आमच्या घरी राहतो. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. आपल्या हातचा कागद शेरा मारून कधी परत आला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगतात. फॉर्म भरायची मुदत होती त्या आठवड्यात मी विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ पळत होते. बाबा म्हणाले, तू पळ, कागद माझ्यावर सोड. मला भरून आलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण आता त्या भरून येण्याचीच चीड येतेय. आधी वर्षभर ज्यांनी घरात भरती हा शब्द काढू दिला नाही, तेच चष्मा लावून जाहिरात वाचत होते, अटींखाली पेन्सिलीनं रेघा ओढत होते, उंचीच्या अटीपाशी थांबून मला भिंतीला टेकवून मोजत होते. मला वाटलं, आला हा माणूस आपल्या बाजूला. ओटीपी माझ्या फोनवर आला तेव्हा मी लेण्यांकडच्या चढावर धापा टाकत उभी होते. बाबांनी फोन करून आकडे विचारले, मी सांगितले, आणि नवऱ्याच्या मरणाला माझी संमती नोंदवली गेली.

स्कूटी जालना रोडला लागली तरी डोक्यात तोच शब्द. सेव्हन हिल्सच्या सिग्नलला शेजारी रिक्षा उभी होती, रिक्षात एक नवी नवरी चुडा सांभाळत बसलेली, आणि मी आपोआप मान दुसरीकडं वळवली. मग स्वतःवरच भडकले. मी का मान वळवावी? ही सवय आमच्या आत्याची. पाच मिनिटांत लागली मला. कागदावर एक शब्द छापला गेला आणि माझी मान वळायला शिकली, म्हणजे मग उरलेलं आयुष्य वळवणं या शब्दाला काय अवघड आहे. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारून जीव खाल्ला, तेव्हा मी पुढं सरकले.

नवरा म्हणजे घडा. मातीचा, काळा नाही, तांबडा, गळ्यात झेंडूची माळ घातलेला. माझ्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ आहे आणि तो नवऱ्याला खातो. म्हणून आधी घड्याशी लग्न लावायचं, मग घडा फोडून नदीत सोडायचा, म्हणजे मंगळाला जो खायचा तो नवरा खाऊन झाला आणि पुढचा माणूस सुखानं जगायला मोकळा. याला कुंभविवाह म्हणतात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्स घेऊन बसलेली मुलगी, एनसीसीत परेडला पुढं असणारी, आणि मागच्या मार्गशीर्षात नदीकाठी कायगाव टोक्याला आईची पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून, घड्याशेजारी पाटावर बसले. का बसले म्हणाल तर सौदा झाला होता. बाबा म्हणाले होते, एवढं एक होऊ दे, मग तुझ्या भरतीच्या आड मी येणार नाही. म्हटलं, घडा तर घडा. सकाळी पाचला पळण्यापेक्षा सोपं आहे.

सोपं नव्हतं ते. गुरुजींनी माझ्याभोवती आणि घड्याभोवती मिळून पांढऱ्या सुताचे वेढे घातले. सूत ओलं होतं, दंडाला गार लागत होतं. हसू येईल असं वाटलं होतं पण आलं नाही, कारण समोर बाबा रडत होते. माझा हात त्यांनी घड्यावर ठेवला, वरून पाणी सोडलं, आणि खरे रडले, मुलगी देताना बाप रडतो तसे. आई बाजूला पर्स धरून उभी होती आणि घड्याळ बघत होती. तिला शाळेची अर्धीच रजा मिळाली होती. मग घडा उचलून घाटाच्या पायरीवर आपटला, गुरुजी म्हणाले मागं बघायचं नाही, चला. मी बघितलं. खापऱ्या पाण्यात गेल्या, झेंडूची माळ तिथंच पायरीला अडकून हलत राहिली. आणि मला त्या घड्याचं वाईट वाटलं. कुणाला सांगितलं नाही मी हे, आणि आजही सांगायला लाज वाटते, पण वाटलं. गाडीत आई म्हणाली, झालं एकदाचं, आता भजी खायला थांबू या कुठंतरी. बाबा म्हणाले, आज नको. मला कळेना की हे सुतक आहे की काय.

त्या वेळी कळलं नाही ते आज साकिबच्या दुकानात कळलं. आमच्या घरात एकट्या बाबांच्या लेखी तो घडा खरोखर मेला होता.

घरी आले तर बाबा जेवणाच्या टेबलावर शब्दकोडं सोडवत बसलेले. प्रवेशपत्र बघून चेहरा फुलला. फोटो स्पष्ट आलाय म्हणाले, सही चौकटीत बसली म्हणाले. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, आणि मला अपेक्षा होती की आता दचकतील. नाही. म्हणाले, बरोबर आहे मग. काय चुकलंय त्यात? त्यावर मी ओरडले. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, आत्या घासत होती. बाबा शांतपणे उठले, फाइल काढली, जाहिरातीची प्रत उलगडली आणि पेन्सिलीची रेघ दाखवली. उमेदवार अविवाहित हवी. अपत्य नसलेली विधवा पात्र. तू तर वरचं वाचून पळायला गेलीस, म्हणाले, हे खाली होतं. अविवाहित लिहिलं असतं तर मी स्वतः मंत्र म्हणून, पाणी सोडून केलेलं कन्यादान खोटं ठरलं असतं. विवाहित लिहिलं असतं तर तू बाद. रात्रभर विचार केला आणि हा मार्ग निघाला. त्यांच्या आवाजात अभिमान होता. नोकरीत एखादी अडलेली फाइल सुटली की असेच बोलायचे ते.

"खोटं मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि तुझी संधीही घालवलेली नाही."

या माणसाचं काय करावं? भांडायला समोर लबाड माणूस लागतो हो. लबाडाशी मी भांडले असते, हा मुलीला जाऊ द्यायचं नाही म्हणून मुद्दाम खोडा घालतोय असं म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. पण हे खरोखर मला मदत करत होते. मी विचारलं, घड्याच्या मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? महापालिका देते का? नदीकाठच्या ग्रामपंचायतीत नोंद आहे का? तेव्हा कुठं ते थांबले. चष्मा काढला, पुसला. दाखल्याची अट पुढच्या पानावर होती आणि पात्र हा शब्द सापडल्याच्या आनंदात त्यांनी पान उलटलंच नव्हतं. मग म्हणाले, गुरुजींकडून लिहून आणलं तर? मी खुर्चीवर बसले आणि डोकं टेबलाला टेकवलं. यंदा माझं वय बसतंय. पुढच्या वर्षी बसत नाही. दीड वर्ष पळाले, नखं काळी पडून गळाली, मैत्रिणींच्या हळदी चुकवल्या, आणि आता गेटवरचा जवान मला विचारणार, पती कैसे गुजर गये, आणि मी सांगणार, जी, फोड दिया.

भांड्यांचा आवाज थांबला होता. विधवा हा शब्द आमच्या घरात मोठ्यानं कुणी काढत नाही. मनकर्णाआत्या नळाखाली हात धरून तशीच उभी असणार, मला न बघताही कळत होतं. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन कन्नडला गेली आणि बाविसाव्या वर्षी परत आली. नवरा शाळेत मास्तर होता, जीपनं चाळीसगावकडं निघाला होता, जीप घाटातून दरीत गेली. सासरच्यांनी म्हणे तेराव्याच्या आत पत्रिका बाहेर काढली, कुणाला तरी दाखवली, आणि मुलीचा मंगळ लपवला म्हणून तिला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं. स्टँडवर ती ट्रंक उचलायला बाबा गेले होते, नववीत होते तेव्हा. हे सगळं मला आईनं सांगितलंय, बाबांनी कधीच नाही. मला माहीत असलेली आत्या ही हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या दारानं भाजी आणायला जाणारी, नवरी घरात आली की स्वयंपाकघरात वळणारी, कुणी न सांगता. टोक्यालाही ती आली नाही. चला म्हणायचं धाडस कुणी केलं नाही आणि तिनं डबा भरून दिला, गाडी निघेपर्यंत खिडकीत उभी राहिली. कुणी तिला छळत नाही आमच्याकडं. आई तर तिच्याशिवाय पाणी पीत नाही. पण ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं अशी अंग चोरून वावरतेय की घरातली अर्धी जागा मोकळीच राहिलीय असं वाटतं.

चौकशीच्या नंबरवर फोन लागायला तासभर गेला. पलीकडचा माणूस बिचारा सभ्य होता. म्हणाला, दुरुस्तीची मुदत संपली. फॉर्म भरताना चूक झाली असं प्रतिज्ञापत्र करा, त्यात वडिलांनी शपथेवर लिहायचं की मुलगी अविवाहित आहे, ते घेऊन या, मग साहेब ठरवतील. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं. ते उठून गच्चीत गेले. मी आईला शाळेत फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू कोण आहेस ते तुम्ही दोघं मिळून ठरवा, माझे पेपर तपासायचे राहिलेत. मग म्हणाली की सही नाही केली तर त्यांना म्हणावं मी जेवण बंद करीन, माझं नाही, त्यांचं. संध्याकाळपर्यंत बाबा गच्चीत येरझारा घालत होते. मी वर गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते, वाक्यं जुळवून.

"झालंच नाही असं लिहून दिलं, हिमानी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तर मग तो मंगळ आहे तसाच आहे."

माझी जुळवलेली वाक्यं निघून गेली. इतके दिवस मला वाटत होतं हा माणूस शब्दाला चिकटून बसलाय, ऑफिसची सवय. शब्दाला नव्हतेच ते चिकटले. त्यांना स्टँडवर एक ट्रंक दिसत होती आणि शेजारी आत्याच्या जागी मी. तो घडा हा एकच उपाय त्यांच्या हातात होता, त्यावर ते इतके महिने शांत झोपले होते, आणि मी तो उपाय शपथेवर रद्द करून मागत होते. मला कीव आली त्यांची. आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला, कारण ज्याची कीव येते त्याच्याशी पोटभर भांडताही येत नाही. मी म्हणाले, बाबा, मला लग्नच करायचं नाहीये आत्ता, मला फौजेत जायचंय, तिथं कुणी मेलं तर मीच मरेन. हे बोलायला नको होतं. ते खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या आधी स्कूटीपाशी उभे होते. अदालत रोडला गोकुळ वकिलांकडं गेलो. झाडाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटरच्या जागी आता लॅपटॉप, बाकी सगळं जुनंच. वकिलांनी पाच मिनिटांत मजकूर केला. बाबांनी मागून घेऊन वाचला, ओठ हलवत, एकेक शब्द. माझी मुलगी अविवाहित असून तिचा आजपर्यंत कोणाशीही विवाह झालेला नाही. इथं थांबले. खिशातून पेन काढलं, कोणाशीही खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं : कोणत्याही पुरुषाशी. आणि चेहऱ्यावर परत तो फाइल सुटल्याचा आनंद. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वकील कागद लांब धरून बघत होते.

"काका, पुरुषाशी झालेला नाही असं लिहिलंत, तर साहेब विचारणार, मग कुणाशी झालाय?" ते म्हणाले.

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. मलाही हसू फुटलं आणि तोंड दाबून धरलं तर डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. बाबा हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि वकिलांना सगळं सांगितलं, घडा, टोका, सूत, मंगळ, अनोळखी माणसापुढं, झाडाखाली, लोक येता-जाता ऐकत असताना. मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. वकिलांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, आमच्या पुतणीचंही केलंय हो. पण कायद्याला घडा दिसत नाही. तुम्ही एक ठरवा. रस्त्यावरून एक वरात नसलेली बँडची गाडी गेली, रिकामी, वाजवणारे आत झोपलेले. मी एकदाही म्हणाले नाही की करा सही. म्हणायचं होतं, पण त्यांच्या हाताकडं बघून बोलवेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या अक्षरातले दोन शब्द खोडले, वर पुन्हा कोणाशीही लिहिलं, खाडाखोडीपाशी छोटी सही केली, ऑफिसच्या शिस्तीप्रमाणं, आणि खाली मोठी सही केली. नेहमी त्यांची सही एका झटक्यात होते. आज नावातलं प्रत्येक अक्षर वेगळं आलं. वकिलांनी शिक्का मारला आणि मी लग्न न झालेली झाले.

येताना ते मागं बसले होते, एक हात माझ्या खांद्यावर. कधी धरत नाहीत ते खांदा, सीटची कडी धरतात. मला आनंद व्हायला हवा होता. साहेब ठरवतील तो पुढचा प्रश्न, पण माझ्या हातात निदान गेटच्या आत जायचा कागद होता. झाला आनंद, नाही असं नाही. पण त्याच्यासोबत असंही वाटत राहिलं की या माणसाचं मी काहीतरी घेतलंय आणि ते परत देता येणारं नाही, आणि मुळात ते त्यांनी माझ्यावर लादलंच का म्हणून चीडही तेवढीच. दोन्ही एकदम वाटत होतं. सिग्नलला मी उगीच हॉर्न वाजवत राहिले.

घरी आत्या भाजी निवडत टेबलाशी बसली होती. बाबांनी कागद तिच्यापुढं ठेवला, का ठेवला ते त्यांनाच माहीत. आत्यानं हात पुसले, चष्मा शोधला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हणाली, म्हणजे काल होती ती आज नाही? बाबा म्हणाले, नाही. कागदावर नाही. तुझ्या सहीनं झालं हे, तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं, शाई अजून नीट वाळली नव्हती, बोटाला जांभळी लागली. आमच्या आत्याला चेष्टा करता येत नाही, कधी केल्याचं मला आठवत नाही. कागद तिनं बाबांच्या बाजूला परत सरकवला.

"वैजू," ती म्हणाली, "माझाबी एक करून आण की रे असा."